मॅट्स बारची जूसी लूसी: जाण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

आमचं घर मिनिआपोलिसच्या दक्षिण भागात आहे. उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईहून पाहुणे येतात, शिवाय दर वर्षी कुणी ना कुणी नवं मराठी कुटुंब नोकरीनिमित्त शहरात उतरतं. सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं की इथे एका जुन्या बारमध्ये पोटात चीज भरलेला बर्गर मिळतो. मग प्रश्न सुरू होतात, आणि गेली कित्येक वर्षं ते तेच आहेत. उत्तरं एकदाच लिहून टाकते.

जूसी लूसी म्हणजे नक्की काय?

चीजबर्गरमध्ये चीज पॅटीच्या डोक्यावर असतं, जूसी लूसीत ते पॅटीच्या पोटात असतं. खिम्याच्या दोन पातळ चकत्या घ्यायच्या, एकीवर घडी घातलेलं चीज ठेवायचं, दुसरी वर झाकायची आणि कडा चिमटीत धरून बंद करायच्या. तव्यावर पडल्यावर आतलं चीज वितळून अगदी पातळ होतं, पण बाहेर पडायला त्याला वाट नसते. ती वाट पहिला घास घेणारा करून देतो.

करंजी केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. सारण किती भरायचं, कड किती दाबायची, मुरड नीट पडली नाही तर तेलात काय होतं, हे सगळं गणित इथेही तेच. माझ्या सासूबाई बर्गर खात नाहीत, पण तव्यासमोर दोन मिनिटं उभ्या राहून म्हणाल्या, "कडा बघ कशा बंद करतोय, हात बसलाय त्याचा." इतकी नेमकी दाद मी कुणा खवय्याकडूनही ऐकलेली नाही.

बारमध्ये जेवायला जायचं? तेही घरच्यांना घेऊन?

हा प्रश्न महाराष्ट्रातून येणाऱ्याला पडणारच. आपल्याकडे बार म्हटलं की परमिट रूम: काळ्या काचा, निळे दिवे, आणि आत कोण बसलंय ते रस्त्यावरून दिसू नये अशी व्यवस्था. अमेरिकेतलं टॅव्हर्न ही वेगळी जात आहे. वस्तीच्या कोपऱ्यावरची बसायची जागा, तिथे बिअर मिळते आणि पोटाला काहीतरी गरम मिळतं. गोवेकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या गावोगावच्या तावेर्ना नावानेही सख्ख्या आणि स्वभावानेही. संध्याकाळी तीच ठरलेली चार माणसं आणि त्यांच्या ठरलेल्या खुर्च्या.

मिनिआपोलिसच्या वस्तीतले बार असे साधे राहण्यामागे कायद्याचाही हात आहे. १८८४ मध्ये शहराने दारूच्या दुकानांना हद्द आखून दिली. नदीच्या आणि मध्यवर्ती भागाच्या ठरावीक पट्ट्यातच दारू विकायची, राहत्या वस्त्यांत नाही. १९२० ते १९३३ तर देशभर दारूबंदीच होती, आणि तिची अंमलबजावणी ज्या व्होल्स्टेड कायद्याने झाली तो ज्यांच्या नावाचा, ते अँड्र्यू व्होल्स्टेड मिनेसोटाचेच खासदार. बंदी उठली तरी शहराने आखलेली हद्द १९७० च्या दशकापर्यंत टिकली. त्यामुळे दक्षिण मिनिआपोलिसच्या घरांमध्ये जे बार उभे राहिले, ते बहुतेक ३.२ टक्के मद्यार्काच्या हलक्या बिअरवर चालणारे. नुसत्या हलक्या बिअरवर गिऱ्हाईक किती वेळ बसणार? मग बारच्या मागे एक तवा आला. तव्यावर सगळ्यात सोपं काय, तर बर्गर.

तर हो, घरच्यांना घेऊन जा. आजी-आजोबा, लेकरं, गणवेशातली बेसबॉलची पोरं, सगळी दिसतात. बिअर हवी असेल तर वय २१ पूर्ण लागतं आणि ओळखपत्र मागतात. केस पांढरे झालेत म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा.

हा बार आहे कुठे?

सीडर अॅव्हेन्यू आणि पस्तिसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर, पत्ता ३५०० सीडर अॅव्हेन्यू साउथ. आजूबाजूला राहती घरं आहेत. 'डेस्टिनेशन' वगैरे शब्द वाचून गेलेले पाहुणे गाडीतूनच विचारतात, "हे? एवढंसं?" हो, एवढंसंच. आत एक बार, त्याच्यासमोर उंच स्टुलं, भिंतीकडेला बूथ, म्हणजे समोरासमोर बाकं असलेली टेबलं, आणि बारच्या मागे तो तवा. दिवसातून कितीही माणसं आली तरी तवा तेवढाच.

स्पेलिंग चुकलंय का?

चुकलंय, आणि आता ते सुधारणार नाहीत. इंग्रजीत 'ज्यूसी' लिहिताना मधे जो आय यायला हवा, तो मॅट्सच्या पाटीवर नाही. बारमधली कथा अशी की पहिल्या दिवसांत मागणी इतकी वाढली की घाईघाईत तो आय राहून गेला. आता ती चूक हाच त्यांचा शिक्का झालाय. स्पेलिंग बरोबर दिसलं तर तुम्ही नक्कल खाताय, असं ते छातीठोकपणे सांगतात.

देवनागरीत ही भानगडच नाही. आपण जूसी लिहिलं काय नि ज्यूसी लिहिलं काय, चीज तेवढंच गरम लागतं.

शोध कुणी लावला?

मॅट्सचं म्हणणं असं. मॅट ब्रिस्टल यांनी १९५४ मध्ये हा बार सुरू केला. त्याच सुमारास रोजच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, दोन पॅटी कर आणि मधे चीजचा तुकडा घाल. त्याने चावा घेतला, गरम चीज उडालं, तोंड पुसत तो जे बोलला त्यातून हे नाव पडलं. लूसी कोण, हे मात्र ही कथा सांगत नाही. मला तरी त्या बाईबद्दल बर्गरपेक्षा जास्त कुतूहल आहे.

आता त्याच सीडर अॅव्हेन्यूवर सरळ दक्षिणेकडे निघा. साधारण तीन मैलांवर, अठ्ठावन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर फाइव्ह-एट क्लब लागतो. ही जागा १९२८ ची, म्हणजे ऐन दारूबंदीतला चोरटा अड्डा. यांचंही म्हणणं की पोटात चीज भरलेला बर्गर आमचाच. हे नावाचं स्पेलिंग आय घालून, व्यवस्थित लिहितात, आणि स्पेलिंग बरोबर तिथेच बर्गर बरोबर, असा उलटा टोला हाणतात.

मग मूळ कुणाचं?

मिसळीवरून नाशिक, कोल्हापूर आणि पुणे यांच्यात निवाडा झाला की हाही लागेल.

दोन्हीकडे जाऊन आलेल्यांसाठी माझं मत सांगते. फाइव्ह-एटमध्ये जागा ऐसपैस, चीजचे प्रकार निवडता येतात, मोठा घोळका असेल तर सोयीचं. विमानतळही जवळ, म्हणून रात्रीच्या विमानाने जाणाऱ्यांना मी तिकडे पाठवते. मॅट्समध्ये निवड जवळजवळ नाहीच. आणि मला नेमकी तीच गोष्ट आवडते. जिथे एकच पदार्थ वर्षानुवर्षं त्याच तव्यावर होतो, तिथे करणाऱ्याचा हात चुकत नाही. आपल्याकडे नाही का, फळ्यावर तीनच पदार्थ लिहिणाऱ्या खानावळीत आपण डोळे मिटून बसतो, आणि चौदा पानी मेन्यू हातात आला की पोटात गोळा येतो!

शेजारच्या सेंट पॉल शहरातही मिळतो असं ऐकलंय.

मिळतो. नदीपलीकडे द नूक आहे, ब्लू डोअर पब आहे. ब्लू डोअरवाले पोटात निळं चीज वगैरे भरतात. चांगले आहेत. पण पहिल्यांदा येणाऱ्याने साधा खावा. ज्याने साधा मोदक खाल्लेला नाही त्याला चॉकलेट मोदक देऊ नये, असं आपलं माझं म्हणणं.

मांस कशाचं असतं?

गाई-बैलांचं, म्हणजे बीफ. स्पष्ट सांगते, कारण "नक्की कसलं असतं गं?" हा प्रश्न नेहमी दाराशी पोचल्यावर, हळू आवाजात विचारला जातो आणि मग रांगेत सगळ्यांची पंचाईत होते. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हशीवर नाही. त्यामुळे तिकडे 'बीफ' म्हणून जे मिळतं ते म्हशीचं असतं. अमेरिकेत तसं नाही. इथे बर्गर म्हटला की गोमांस, वेगळं लिहिलेलं नसलं तरी.

आमच्या घरात खाणारे आहेत आणि न खाणारेही आहेत, आणि आम्ही एकाच बूथमध्ये बसतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला आग्रह करायचा नाही आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याकडे बघत उसासे टाकायचे नाहीत, एवढा करार गाडीतून उतरण्याआधी करून घ्या.

शाकाहारी माणसाला तिथे काय मिळेल?

फ्राइज. टोपलीभर येतात, गरम असतात, आणि दोघांना अर्धी टोपलीसुद्धा पुष्कळ होते. तळणीच्या तेलाचं किंवा तव्याचं कडक पाळणाऱ्यांनी तिथे विचारूनच मागवावं. त्या एवढ्याशा तव्यावर सगळं एकत्र होतं, हे डोळ्यांना दिसतंच. सासूबाईंना आम्ही घरून पोटभर खायला घालून नेलं होतं. त्या फ्राइज खात, कोक पीत, दीड तास माणसं बघत बसल्या. आईवडील कट्टर शाकाहारी असतील तर त्यांना नेलंच पाहिजे असं काही नाही. गावात जेवायला दुसऱ्या जागा आहेत.

कधी जावं? रांग असते का?

असते. आधी टेबल राखून ठेवायची पद्धत नाही, आलात की उभं राहायचं. शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ टाळा. मधल्या वारी दुपारी उशिरा, जेवणाची गर्दी ओसरल्यावर आणि संध्याकाळची लागण्याआधी, हा माझा ठरलेला वेळ.

हिवाळ्याबद्दल मात्र ऐका. जानेवारीत इथे उणे पंधरा काही नवलाचं नसतं, आणि रांग दाराबाहेर गेली तर तुम्हीही दाराबाहेरच. नाताळच्या सुट्टीत आलेल्या पाहुण्यांना मी आधी बूट, टोपी, हातमोजे चढवायला लावते, मगच गाडीत बसू देते. स्वेटरवर शाल घेऊन भागेल असं पुण्याच्या थंडीवरून वाटतं. भागत नाही.

कार्ड चालतं का?

ही जागा वर्षानुवर्षं रोखीचीच म्हणून प्रसिद्ध. आता नियम काय आहे ते निघण्याआधी फोन करून विचारा, पण खिशात नोटा असू द्याच. टिपेसाठी तरी लागतातच. टिप बिलाच्या १८ ते २० टक्के द्यायची. "बर्गरवर कसली टिप?" असं म्हणणारे काका प्रत्येक कुटुंबात एक तरी असतात. वाढणाऱ्या माणसाच्या कमाईत टिपेचा वाटा मोठा असतो, हे त्यांना गाडीतच सांगून ठेवा.

बसल्यावर काय मागवायचं?

फार विचार करायला वावच नाही. जूसी लूसी, वर परतलेला कांदा हवा की नको ते सांगायचं. हवा म्हणा. बारीक चिरलेला कांदा त्याच तव्यावर, मांसाच्या चरबीत सोनेरी होत असतो आणि तोच बर्गरवर येतो. सोबत काकडीच्या लोणच्याच्या चकत्या. आपलं लोणचं नव्हे, व्हिनेगर आणि मिठातलं, आंबट. फ्राइजची एक टोपली सगळ्यांत मिळून. प्यायला बिअर किंवा कोक.

ताट येत नाही. मेणकागदात गुंडाळलेला बर्गर समोर येतो. काटा-चमचा मागू नका, इथे सगळं हातानेच.

जागा मिळाली तर बारसमोरच्या स्टुलावर बसा, तवा दिसेल असं. मधल्या वेळेत काय बघायचं ते सांगते. चकत्यांवर फुगवटा येत नाही तोवर त्या साध्या बर्गरसारख्याच दिसतात. थोड्या वेळाने एखाद्या पॅटीच्या कडेला पिवळा थेंब डोकावतो, तव्यावर पडतो, चुर्रकन आवाज होतो आणि त्याची तपकिरी जाळी होते. मुरड जरा सैल पडली होती, इतकाच त्याचा अर्थ. उलथन्याने ती जाळी खरवडून बाजूला लोटली जाते. ती मागून खायची माझी फार वर्षांची इच्छा आहे, अजून धीर झालेला नाही.

खूप भाजतं म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि हे उत्तर नीट वाचा.

पॅटीच्या आत चीज कोंडलेलं असतं. सोबत मांसाचा रस आणि वाफही कोंडलेली. वरचा पाव हाताला कोमट लागतो, मांसाची कड खाण्याजोगी झालेली असते, त्यावरून आतल्या चीजचा अंदाज बांधायचा नाही. वितळलेलं चीज जिभेला आणि टाळूला चिकटतं, वरणासारखं घसरून जात नाही. गरम पुरणाने टाळू पोळलेल्या माणसाला जास्त सांगायला नको. बटाटेवड्यात आतली वाफ फुंकून घालवता येते, इथे तीही सोय नाही.

वाढणारी माणसं स्वतःहून बजावतात, थांबा म्हणून. चार-पाच मिनिटं थांबा. तेवढ्यात फ्राइज खा. मग मधोमध चावू नका, कडेला लहानसा घास घ्या, भोक पडू द्या, वाफ जाऊ द्या. थोडं चीज कागदावर ओघळलं तरी चालेल, ते फ्राइजने टिपून घ्यायचं असतं. लहान मुलांचा बर्गर आईबापांनी आधी मधून मोडून उघडा करावा आणि मगच हातात द्यावा. पांढरा कुडता घालून जाऊ नका.

आत अमेरिकन चीजच का? चांगलं चीज का नाही घालत?

हा प्रश्न नेहमी चीजवर पुस्तकं वाचलेला भाचा विचारतो. उत्तर असं की इथे चांगलं चीज म्हणजे हेच.

मुरलेलं चेडर तापवलं की त्यातली प्रथिनं आक्रसतात आणि तूप वेगळं सुटतं. एकीकडे चोथा, एकीकडे तेल. बंद पॅटीच्या आत हे झालं तर घासात तेलाची चिळकांडी आणि मागे रबर. अमेरिकन चीज म्हणजे प्रक्रिया केलेलं चीज, त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात. ते प्रथिनांना जखडून ठेवणारं कॅल्शियम काढून घेतात, प्रथिनं मोकळी होतात आणि स्निग्धांश धरून ठेवतात. म्हणून ते कितीही तापलं तरी फाटत नाही, एकजीव पातळ राहतं. जेम्स क्राफ्ट यांनी या जातीच्या चीजचं पेटंट १९१६ मध्ये घेतलं, ते टिकाऊ चीज डब्यात भरून विकता यावं म्हणून. बर्गरच्या पोटात त्याचा असा उपयोग होईल हे त्यांच्या गावीही नसेल.

मीडियम रेअर, म्हणजे आतून अर्धकच्चं, मागितलं तर?

जूसी लूसीत तो प्रश्नच येत नाही. आतलं चीज वितळेपर्यंत मांस पूर्ण शिजतंच. तसंही खिम्याचं मांस पूर्ण शिजवावं असं इथलं सरकारी सांगणं आहे, आतलं तापमान १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस. अख्ख्या तुकड्यात जंतू असले तर वरवर असतात आणि तव्यावर मरतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. पूर्ण शिजलेला बर्गर कोरडा होतो ही तक्रार इथे लागू पडत नाही, ओलावा चीज पुरवतं.

अगदीच अळणी लागेल का? तिखट काही?

मसाला नाही. मीठ, कांदा, मांस, चीज. पहिल्यांदा माझ्या दिराने खिशातून पुडी काढली, घरची लसणाची चटणी. मी डोळे वटारले, मग अर्ध्या बर्गरवर मीही घातली. चांगली लागते. पण पहिला अर्धा तसाच खा.

ओबामा आले होते म्हणे?

आले होते, जून २०१४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष असताना. मिनिआपोलिसच्या एका महिलेने आपल्या कुटुंबाच्या ओढाताणीबद्दल त्यांना पत्र लिहिलं होतं. तिला भेटायला आले आणि जेवायला दोघं मॅट्समध्ये बसले. पाहुण्यांना ही गोष्ट सांगितली की फोटो निघतात. बर्गरच्या चवीत त्याने काही फरक पडत नाही, रांगेत पडला असावा.

पार्सल आणलं तर?

आणू नका. घरी पोचेपर्यंत आतलं चीज निवून घट्ट होतं, पाव वाफेने मऊ पडतो. पुन्हा गरम करायला गेलात तर चीज गरम होईपर्यंत मांसाचं चामडं होतं. हा पदार्थ तव्यापासून दहा फुटांच्या आतच खायचा. गरम जिलबी घरी नेऊन गार खाण्यातला प्रकार.

घरी करता येईल का?

येईल, तिसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला माझ्या बिडाच्या तव्यावर सगळं चीज बाहेर आलं आणि धुराची घंटा वाजली. शेजारीण दार ठोठावून चौकशी करून गेली. तेव्हापासून जे शिकले ते असं.

खिमा चरबीवाला लागतो, शंभरात वीस भाग तरी. एका बर्गरला दोन चकत्या, प्रत्येकी साधारण ११० ग्रॅम, बनपेक्षा बोटभर रुंद, कारण शिजताना आटतात. चीजच्या स्लाइसची चौघडी करून मधोमध ठेवा आणि चारी बाजूंनी पाऊण इंच जागा सोडा. माझी चूक तिथेच झाली होती, हावरटपणाने दोन स्लाइस भरल्या. कड चिमटीने दाबा, मग तळहातांत धरून गोल फिरवत पुन्हा दाबा. मीठ अगदी तव्यावर टाकतानाच. आधी घालून मळलंत तर खिमा सॉसेजसारखा घट्ट होतो.

आच मध्यम. मोठ्या आचेवर बाहेर करपतं आणि आत चीज थिजलेलंच राहतं. एका बाजूला पाच मिनिटं, उलटल्यावर पुन्हा तेवढीच, आणि उलटल्यावर वर टाचणीने एकच भोक. उलथन्याने दाबायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

बीफ नको असेल तर मटणाच्या खिम्याचा होतो, फक्त खाटकाला थोडी चरबी घालून दोनदा काढायला सांगा. चिकनचा खिमा ओला असतो, कडा धरत नाही. त्यात मूठभर पावाचा चुरा घाला. भारतात करणार असाल तर बाजारात मिळणारी साधी प्रोसेस्ड स्लाइस अगदी योग्य, महागडं चीज आणू नका. कारण वर सांगितलंच.

मिनिआपोलिसला येणं जमणार नाही. आमच्या शहरात असं काही?

न्यू जर्सीवाल्यांनी गाडी काढून न्यूयॉर्कला जावं. थर्ड अॅव्हेन्यू आणि चौऱ्याहत्तराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जे. जी. मेलन आहे, १९७२ पासूनचं. ग्रीनिच व्हिलेजमध्ये कॉर्नर बिस्ट्रो. शिकागोत मिशिगन अॅव्हेन्यूच्या खालच्या मजल्यावर, म्हणजे अक्षरशः रस्त्याच्या पोटात, बिली गोट टॅव्हर्न. डेट्रॉइटकडच्या मराठी मंडळींना शेजारच्या डिअरबॉर्नमधला मिलर्स बार जवळ, १९४१ चा. तिथेही ताट नाही, मेणकागद. आणि बिलही नाही. निघताना बारपाशी जाऊन आपण काय खाल्लं ते आपणच सांगायचं आणि पैसे द्यायचे. आमच्या एका मित्राने तिथे एक कोक सांगायचा विसरला म्हणून पार्किंगमधून परत जाऊन पैसे दिले. त्याची बायको अजून हे सगळ्यांना सांगते, कौतुकाने की वैतागाने ते कळत नाही.

यातला एकही बर्गर पोटात चीज भरलेला नाही. पण जागेची जात तीच.

खरं सांग, एवढं नाव आहे, तितका चांगला आहे का?

नुसता पदार्थ म्हणून बघितला तर याच शहरात याच्यापेक्षा चांगलं मांस, चांगला पाव, चांगली भाजणी मिळेल. पाव तर अगदी साधा, दुकानात पिशवीतून मिळतो तसा. कुणी नुसत्या बर्गरसाठी विमानाने येणार असेल तर मी त्याला नको म्हणेन.

पण बार आणि बर्गर वेगळे काढताच येत नाहीत. शेजारच्या स्टुलावरचा म्हातारा बारटेंडरशी काल रात्रीच्या सामन्यावरून भांडत असतो, तव्यावर कांदा असतो, दार उघडलं की थंडीचा झोत येतो आणि सगळे एकदम वळून बघतात. बर्गर निवेपर्यंत सक्तीची पाच मिनिटं असतात, त्यात फोन बघायला हात मोकळे नसतात कारण ते फ्राइजने तेलकट झालेले असतात. मग माणसं बोलतात. माझ्या मोठ्या दिरांनी आपण नोकरी सोडणार आहोत हे घरात सगळ्यात आधी या पाच मिनिटांत सांगितलं. घरी आठवडाभर होते, तेव्हा नाही बोलले.

जेवण झाल्यावर जवळ काय बघण्यासारखं आहे?

पाउडरहॉर्न पार्क चालत जाण्याजोगं आहे, मधे तळं आहे, त्याला एक फेरी मारा. गाडी असेल तर मिनेहाहा धबधबा दहा-बारा मिनिटांवर. हिवाळ्यात तो जागच्या जागी गोठतो आणि बघायला जास्त मजा येते. फक्त कोट गाडीच्या डिकीत टाकून हिंडता येत नाही अशा दिवसांत एक गोष्ट लक्षात ठेवा. मॅट्समध्ये तासभर बसलेला लोकरीचा कोट पुढचे तीन दिवस परतलेल्या कांद्यासारखा दरवळतो. सोमवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक अनोळखी माणूस माझ्याकडे वळून नुसतंच म्हणाला, "मॅट्स?"